शर्यतीच्या सायकलीला कुलूप

मी सायकलवरून पडलो नव्हतो. बकरी आडवी आली आणि सायकल पडली. मी सायकलवर बसलेलो होतो म्हणून तिच्यासंगं खाली गेलो, एवढंच. पण हाताला प्लास्टर लागलं, आणि घरात सगळ्यांनी "आबा पडले" असंच म्हणायचं ठरवून टाकलं.

प्लास्टर निघालं त्याच दिवशी पोरगा म्हणाला, "आबा, आता बास. सायकल भंगारवाल्याला देऊन टाकू."

भंगारात गेल्यावर काय होतं, हे मला कुणी सांगायची गरज नाही. जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या मिलमधी भट्टीसमोर माझी उभी हयात गेली. भंगाराच्या ढिगात पत्र्याच्या पेट्या असायच्या, पाळणे असायचे आणि सायकली असायच्या. क्रेन उचलायची तेव्हा सायकलीचं हँडल असं खाली लोंबायचं, जशी मान टाकलेली कोंबडी. मंग भट्टी, आणि भट्टीतून लालभडक सळई.

मी म्हणालो, "माझ्या सायकलीची सळई करून कुणाच्या संडासाच्या छतात घालतू रे?"

"मंग काय, पुन्हा पडायचंय का?"

"पडलो न्हाई मी. बकरी..."

"बकरी, बकरी! ती बकरी कापून खाल्ली आसंल लोकांनी, तुमचं अजून चालूच आहे."

त्याच आठवड्यात चहाच्या टपरीवर एक पोस्टर लागलं. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण भिंतीवरचं काही सोडत नाही. वर इंग्रजी वळणाचं लांबलचक नाव, ट्रायथलॉन का काय. खाली लिहिलेलं : आधी पोहायचं, मंग सायकल, मंग पळायचं, मधी विश्रांती नाही. एका फुगवलेल्या कमानीचं चित्र होतं, आणि तिच्याखालून एक चड्डीवाला दोन्ही हात वर करून बाहेर येत होता. मी दोनदा वाचलं. पोहणं मला विहिरीनं शिकवलं. सायकल मिलनं शिकवली. आणि पहिल्या पाळीचा भोंगा झाला की गेटपर्यंत पळत तर मी रोजच जायचो. ह्याला शर्यत कशाला म्हणायचं? ह्याला कामावर जाणं म्हणतात.

घरी येऊन सांगितलं तर पोरगा हसून हसून खुर्चीवरून खाली यायला आला. "आबा, सातशे पन्नास मीटर पोहायचंय. त्याच्यावर वीस किलोमीटर सायकल. वरून पाच किलोमीटर पळायचं."

"लहान शर्यत आहे म्हणून लिहिलंय."

"लहानच आहे. मोठीत तर माणूस सकाळी जातो अन् दिवे लागल्यावर येतो."

"मंग लहान बरी. जेवायला घरी येता येईल."

त्याला राग आला की तो माझ्यावरच जातो. टेबलावर हात आपटून म्हणाला, "ठीक आहे. त्या कमानीखालून स्वतःच्या पायांनी बाहेर आलात, तर जिंदगीभर सायकलीचं नाव काढणार न्हाई. न्हाई आलात, तर त्याच दिवशी भंगारात."

"बराबर," मी म्हणालो. आमच्यात शब्द म्हणजे शब्द. डॉक्टरनं छाती तपासली, हात वाकवून बघितला, सही दिली. बायको एवढंच म्हणाली, "ह्या वयात चड्डीवर गावभर फिरणार का?"

शर्यत दोन महिन्यांनी, गावाबाहेरच्या तलावावर होती. तिथं लोखंडी दांड्यांना सगळ्यांच्या सायकली अडकवून ठेवल्या होत्या. पाण्यातून निघालं की तिथं यायचं आणि सायकल घेऊन सुटायचं. त्या सायकलींना मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटी नाही. स्टँडसुद्धा नाही, म्हणूनच बिचाऱ्या टांगल्या होत्या. माझी आपल्या स्टँडवर ताठ उभी राहिली. मी मागच्या चाकाचं कुलूप लावलं आणि किल्ली काढली.

तिथं देखरेखीला एक पोरगी होती, गळ्यात शिट्टी. ती म्हणाली, "आजोबा, कुलूप कशाला? इथं कोणी नेत नाही."

"आमच्या मिलचा वॉचमनबी हेच म्हणायचा."

"मग?"

"त्याचीच गेली."

किल्ली मी कमरेच्या करदोड्याला बांधली. मिलमधी रोज तिथंच असायची. बायको दोरीपलीकडं बघणाऱ्यांत उभी होती. तिनं बांगडीतली पिन काढून पुढं केली. "गाठीचा काय भरोसा? पिन लावा."

"ही किल्ली लग्नापासून ह्याच करदोड्याला आहे."

"करदोडाबी लग्नापासूनचाच आहे," ती म्हणाली.

मी पिन घेतली नाही.

शिट्टी झाली. सगळी तरणी माणसं रंगीत टोप्या घालून पायऱ्या उतरत अशी पाण्यात शिरली, जसं कपडे धुवायला चाललीत. मला ते पटलं नाही. पाण्यात शिरायची एक रीत असते. मी सगळ्यात वरच्या पायरीवर गेलो, पळत आलो, गुडघे पोटाशी घेतले आणि असा मुटका मारला की शिट्टीवाली पोरगी डोक्यापासून पायापर्यंत भिजली. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांमधी करदोडा तुटला आसंल. मला काही कळलं नाही.

पोहण्यात दम कमी पडला नाही, दिशा कमी पडली. विहिरीत पोहलेला माणूस सरळ जात नाही. सरळ जाऊन जाणार कुठं, समोर दगडी भिंतच येते. त्यामुळं चार हात मारले की अंग आपोआप डावीकडं वळतं. पाण्यात खुणेचे लाल फुगे ठेवले होते. पहिल्या फुग्याला मी दोनदा प्रदक्षिणा घातली.

मदतीच्या होडीतला माणूस ओरडला, "आजोबा, कुठं चालले?"

"पुढं!"

"पुढं तिकडं आहे!"

शेवटी त्यानं होडी माझ्या डाव्या अंगाला लावून ठेवली. मला भिंत दिसत राहिली आणि मी सरळ गेलो.

बाहेर आलो तर दांड्यांपाशी माझी सोडून एकही सायकल नव्हती. टॉवेलानं अंग पुसलं, भांग पाडला, आणि कमरेला हात घातला. किल्ली नव्हती. करदोडाही नव्हता.

मी दोरीकडं बघितलं. बायकोनं बांगडीतल्या पिनेवर नुसतं बोट ठेवलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

पोरगा दोरी ओलांडून धावत आला. त्याच्या हातात मोटारसायकलच्या डिकीतला पाना होता. "सरका आबा, मी तोडतो."

शिट्टीवाली आडवी आली. "बाहेरच्या माणसानं हात लावला की स्पर्धक बाद."

पोरगा होता तिथंच थांबला. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं नुसता एक हात लावायची देर होती. शर्यत संपली असती, सायकल संध्याकाळी भंगारात गेली असती, आणि मदत केल्याचं नाव झालं असतं. पण तो दोरीपलीकडं मागं सरला आणि म्हणाला, "आबा, मंग तुम्हीच तोडा. जल्दी!"

मी तलावाच्या काठचा दगड उचलला आणि कुलपावर घाव घालायला लागलो. कुलूप जुन्या बाजारातलं होतं. इमानदार. हलायला तयार नाही.

"ओ म्हातारबा!" मागून तिथला वॉचमन काठी घेऊन पळत आला. "कुणाची सायकल फोडून राह्यले? ठेवा तो दगड!"

"माझीच आहे."

"चोर असंच म्हणतो."

तेव्हा माझा पोरगा, ज्यानं दोन महिने त्या सायकलीला भंगार सोडून दुसरं नाव दिलं नव्हतं, तो दोरीपलीकडून असा ओरडला की सगळं गाव वळलं. "ए! सायकलीला हात लावू नको! आमची आहे ती! आमच्या घरची आहे!"

वॉचमननं काठी खाली घेतली. पोरगा मला म्हणाला, "वरून नका मारू, आबा. दांडीवर मारा. आडवा दगड धरा."

आडवा दगड धरला. तिसऱ्या घावाला कुलूप सुटलं. दोन आरे वाकले, पण चाक फिरत होतं.

हेल्मेट म्हणून मी मिलमधलं पिवळं आणलं होतं. ते चालत नाही म्हणाले आणि बिनडोक्याच्या माणसानं बनवल्यासारखं भोकाभोकाचं दुसरं दिलं. तुटलेलं कुलूप खडखडत अंबडच्या रस्त्यानं गेलो. एका ठिकाणी बकऱ्यांचा कळप उभा होता. मी खाली उतरलो, सायकल बाजूला घेतली आणि हात जोडून म्हणालो, "आधी तुम्ही." एक एक बकरी निवांत गेली. शेवटची तर थांबून माझ्याकडं बघत राहिली.

पळायला लागलो तोपर्यंत रस्त्यावरचे पाण्याचे टेबल उचलायला सुरुवात झाल्ती. मागं ॲम्ब्युलन्स माझ्या चालीनं येत होती. ड्रायव्हर सारखा म्हणायचा, "आजोबा, बसा आत. एसी आहे."

"तू पुढं घे. तुझा धूर येतो मला."

"तुमच्या पुढं जायची परवानगी न्हाई मला."

"मंग पळ तूबी."

पोटरीत गोळा आला तेव्हा त्यानं दार उघडून ठेवलं. मी त्या दाराकडं एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर बसलो असतो.

तलावावर परत आलो, आणि कमानच नव्हती. म्हणजे होती, पण हवा सोडलेली. जमिनीवर पसरलेली, जशी बसकण मारलेली म्हैस. हवा भरायचं यंत्र टेम्पोत जाऊन बसलं होतं. शिट्टीवाली टाळ्या वाजवत म्हणाली, "या, या आजोबा! ही रेघ ओलांडली की झालं!"

मी रेघेच्या अलीकडं थांबलो.

"काय झालं?"

"शब्द कमानीचा आहे."

"अहो, पण आता कमान कुठंय?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मी येईन तर खालून येईन."

तिनं पोराकडं बघितलं. पोरगा माझा आहे, त्याला माहीत होतं मी रात्रीपर्यंत तिथं उभा राहीन. त्यानं बाह्या वर केल्या. कमानीचं एक टोक त्यानं उचललं, एक वॉचमननं. मधी ड्रायव्हरनं काठी लावली. कापड वर गेलं, पण मधी पोट सुटल्यासारखं लोंबायला लागलं.

"वाका आबा," पोरगा धापा टाकत म्हणाला. "जड आहे हे. वाकून या."

"मी वाकत न्हाई. तुम्ही वर करा."

त्यांनी चवड्यावर उभं राहून वर केलं. मी पोस्टरमधल्या माणसासारखे दोन्ही हात वर घेतले आणि बाहेर आलो. मागं धप्पकन आवाज झाला. कमान तिघांच्या अंगावर पडल्ती, आणि आतून माझ्या पोराचा हसायचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी तो बाजारातून आला आणि ओसरीवर सायकलीपाशी बसला. वाकलेले आरे सरळ केले, जुनं कुलूप काढलं, नवं बसवलं. नव्या कुलपाला दोन किल्ल्या होत्या. एक त्यानं आपल्या मोटारसायकलच्या किल्लीत अडकवली, एक मला दिली. बायकोनं आतून येऊन बांगडीतली पिन माझ्यापुढं धरली.

मी पिन घेतली नाही. पण नवा करदोडा मागितला, आणि तिनं तो कधीच आणून ठेवलेला होता.