भुताचा दुमडलेला कोपरा

अख्ख्या बालाघाटात कागदाची नाडी पाहणारे गृहस्थ एकच, आणि ते माझ्या बायकोचे थोरले मामा आहेत. जुनी कॉमिक्स जमवणारे लोक गोंदियाहून त्यांच्याकडे येतात, कारण पहिली आवृत्ती आणि नंतरची यांत मुखपृष्ठ तेच, चित्रं तीच, आत छापलेलं सालही पुष्कळदा तेच असतं; फरक फक्त कागदाचा. मामा पान कानाशी नेऊन हलवतात, मग हुंगतात, मग भर दुपारी खिडकीवर गोधडी टाकून खोलीत अंधार करतात आणि नोटा तपासायचा निळा दिवा पानावर धरतात. जुना अखबारी, म्हणजे वर्तमानपत्राचा, कागद त्या उजेडात मातीसारखा निपचित पडून राहतो. नंतरचा पांढरा कागद निळा पेटतो. ही सवय त्यांना पंगतीतही सोडत नाही. एका लग्नात पत्रिका हुंगून त्यांनी नवरदेवाच्या बापाला सांगितलं, "वरून चमकते, आतून निसता लगदा आहे." मामींना ताटावरून उठावं लागलं.

कॉमिक्सचं लोखंडी कपाट त्यांच्या झोपायच्या खोलीत आहे. वारा नसताना त्यातून सळसळ ऐकू येते. मी स्वतः ऐकली आहे. उंदीर शोधला, सापडला नाही. "कागद श्वास घेते, जवाईबापू," मामा म्हणाले. "म्हनून उघडायच्या आधी मी आवाज देतो. एकदम उजेड पडला त दचकते." कपाटावर त्यांच्या धाकट्या भावाचा फोटो असायचा, हार घातलेला. मिसरूड फुटायच्या वयात तो वैनगंगेवर गेला. काठावर चपला सापडल्या, तो सापडला नाही. घरच्यांनी त्याला गेलेला धरलं. त्याचं एक कॉमिक मामांनी जपलं आहे, पहिल्या आवृत्तीचं, अखबारी कागदाचं. त्यात विहिरीतून भूत वर येतं, त्या पानाचा कोपरा दोनदा दुमडून दातांनी चावून घट्ट बसवला आहे. भुताचं तोंड दिसू नये म्हणून भाऊ आधी तेवढं करायचा आणि मगच गोष्ट वाचायला बसायचा.

मागच्या उन्हाळ्यात गोंदियाचा एक संग्राहक त्याच कॉमिकची दुसरी प्रत घेऊन आला तेव्हा मी तिथे होतो. ती त्याला राजेगावच्या कबाड्याकडे, रद्दीत, मिळाली होती. "मामाजी, बस ओरिजिनल बोलून द्या," तो म्हणाला. मामा पानं उलटत विहिरीपाशी आले आणि थांबले. कोपरा दोनदा दुमडलेला होता. त्यावर दातांच्या खुणा होत्या.

गोधडी टाकली गेली. अंधारात मामांनी दिवा हातात घेतला, पण लावला नाही.

"दिवा लावा ना, काहून थांबले?" मामी म्हणाल्या.

"जुना निघाला त हे त्याच्या जान्याच्या आधीचं. नवा निघाला त..." मामांनी वाक्य सोडून दिलं. नव्या कागदावरची आवृत्ती भाऊ गेल्यानंतर कित्येक वर्षांनी निघाली होती.

दिवा लागला. पान निळं पेटलं. त्यात दातांच्या खुणा तेवढ्या काळ्या राहिल्या.

"अरे यार, दुसरी आवृत्ती," संग्राहक पुटपुटला.

"नवा आहे! नवा आहे रे!" मामा घरात नातू झाल्यासारखे ओरडले.

मामी भिंतीला टेकल्या होत्या. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "मेल्यावर येऊन वाचून राह्यला असन त?"

"अवो, मेलेला मानूस भुताले काहून भेईन?" मामा म्हणाले.



पुरावा म्हणून हे टिकणार नाही. दुसरं एखादं भित्रं पोरही कोपरा दुमडू शकतं, चावूही शकतं. मी मामांना हे सांगितलं नाही. ते राजेगावला जाऊन आले; रद्दीचं पोतं कोणत्या घरातून आलं ते कबाड्याला आठवत नव्हतं. संग्राहकाने ती प्रत त्यांच्याकडेच राहू दिली. फोटोवरचा हार मामांनी त्याच दुपारी काढला होता, आणि आता दोन्ही प्रती कपाटात एकमेकींना टेकून असतात.

सळसळ अजून होते. मामा आता कागदाच्या श्वासाचं बोलत नाहीत. बोलता बोलता थांबतात, खोलीच्या दाराकडे पाहतात आणि हळूच म्हणतात, "ये ना बे. कोपरा दुमडलेलाच आहे." गेल्या खेपेला मीही दाराकडे पाहिलं.