मोठ्यानं वाचणारे मामा

आमच्या मामांना मनातल्या मनात वाचता येत नसे. अक्षर डोळ्यांना दिसलं की ते तोंडावाटे बाहेर पडायचंच. एकदा एका आडत्यानं वैद्याकडून आणलेली पुडी त्यांच्यापुढे धरली आणि वर काय लिहिलंय ते हळूच विचारलं. पुढच्या क्षणी अमरावतीच्या अख्ख्या कापूसबाजाराला कळलं की शेटजींना मूळव्याध आहे. शेटजी कपाळाला हात लावून बसले. मामा म्हणाले, "तुमीच तं म्हणलं वाचा. मंग वाचलं मी."

त्यांचं शिकणंच तसलं. रिद्धपूरजवळ त्यांचं आजोळ. तिथल्या एका साधूनं त्यांना लहानपणी अक्षरं शिकवली, तीही सगळी पोरं एका सुरात घोकत. पुढे आमच्या भाजीपाल्याच्या मळ्यात ते मोटेमागे चालतानासुद्धा पाठ म्हणत. "ओठ हालले नाई तं वाचलं कायच्यावरून?" असं ते म्हणायचे, आणि याला उत्तर असू शकतं हे आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हतं.

त्या वर्षांत अमेरिकेत लढाई चालली होती आणि इकडे कापसाला सोन्याचा भाव आला होता. दर्यापूरकडून, अकोटकडून कापसानं भरलेल्या बैलबंड्यांवर बंड्या यायच्या. मुंबईचं वर्तमानपत्र आलं की मामा बाजारातल्या निंबाखाली उभे राहून वाचायचे. शेतकरी बैल सोडून भोवती बसायचे. पहिला प्रश्न ठरलेला, "मामा, लढाई चालू हाय ना?" मामा म्हणायचे, "हाय राजेहो, चालू हाय." की सगळे निवांत. तिकडे माणसं मरत होती आणि आमचे चेहरे खुलत होते. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. खोटं कशाला सांगू, मामा गेल्यापासून मला कशाचंच फारसं काही वाटत नाही.

गाव तेव्हा रोज वाढत होतं. परकोटाबाहेर नवी घरं, नव्या वखारी, कुठून कुठून आलेले व्यापारी. वर्तमानपत्रं मात्र तीन ठिकाणी विखुरलेली, एक आडत्याच्या दुकानी, एक कचेरीत, एक शाळेत. कुठं काय आलं याचा पत्ता लागायचा नाही. मामांच्या डोक्यात मग एकच खूळ शिरलं. सगळ्या गावाचं मिळून एक मोठं वाचनालय पाहिजे. ज्याला भेटतील त्याला तेच. आमची मामी वैतागून म्हणायची, "मेथी इकाले जाते हा मानूस अन् लायब्री इकून येते."

पैसा कुठून आणायचा, तर तेही मामांनाच सुचलं. बाजाराची जुनी रीत होती की प्रत्येक बंडीमागे मूठभर कापूस धर्मादाय काढून ठेवायचा, देवळासाठी किंवा गुरांच्या पाणवठ्यासाठी. मामा बंडीबंडीपाशी जाऊन म्हणायचे, "एक मूठ आणखी टाक बाप्पा. मोठा ओटा बांधून राहिलो आपन. वर छप्पर. बसून आयकजो." ज्याला अक्षरओळख नाही असा माणूस लायब्ररीसाठी कापूस देत होता, कारण ऐकायला ओटा मिळणार होता. मामांनी शब्दच दिला होता तसा.

पुढे कचेरीतल्या गोऱ्या साहेबांनी मनावर घेतलं, कमिटी नेमली गेली आणि मामांनाही तीत बोलावलं. कमिटीचं काम पाहायचे ते शिरस्तेदार पुण्याकडचे. सज्जन माणूस, हळू बोलणारा. मी मामांबरोबर गेलो होतो आणि दाराशी उभा होतो. नकाशा टेबलावर पसरला होता. मामा म्हणाले, "खिडक्या मोठ्या पायजे. ओट्याकडच्या भिंतीले तं सगळ्या खिडक्याच पायजे." शिरस्तेदार खूश झाले. "अगदी बरोबर, मामा. भरपूर उजेड हवा." मामाही खूश. आवाज ओट्यापर्यंत जावा म्हणून त्यांना खिडक्या हव्या होत्या आणि पानावर उजेड पडावा म्हणून कमिटीला. दोघांनाही आपलं कारण इतकं उघड वाटत होतं की ते कोणी बोलून दाखवलं नाही.

एक नियमही मामांनीच घालायला लावला. गावातली सगळी वर्तमानपत्रं आता इथंच यावीत, आणि एकही अंक दाराबाहेर जाऊ नये. आडत्याच्या दुकानात अंकाच्या पुड्या बांधत हे त्यांना फार लागलं होतं. कमिटीनं एकमतानं माना हलवल्या. आम्ही परतलो तेव्हा मामा रस्ताभर हसत होते. मी इतका सुखी माणूस त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

इमारत झाली. मोठं दालन, ओट्याकडे ओळीनं खिडक्या, आणि ओटा तर असा की बंडीबाजार मावावा. उघडलं त्या दिवशी शेतकरी सकाळपासूनच ओट्यावर जागा धरून बसले. आत खुर्च्यांवर वकील, मास्तर, कारकून मंडळी. मामा धुतलेलं धोतर नेसून आत गेले, खिडकीजवळ बसले, अंक उघडला आणि खणखणीत आवाजात सुरू झाले. बाहेर सगळे गप्प झाले, आत सगळ्यांच्या माना वर झाल्या.

शिरस्तेदार उठून जवळ आले. "मामा, इथं मनात वाचायचं असतं."

मामांना वाटलं ते थट्टा करताहेत. "मनात वाचलं तं बाह्यरच्यायले कसं आयकू येईन?"

"बाहेरच्यांनी आत यावं आणि आपलं आपण वाचावं."

"त्यायले कुठी येते वाचता?"

"शिकतील हळूहळू," शिरस्तेदार म्हणाले. माणूस वाईट नव्हता, हे मी पुन्हा सांगतो. त्यानं ते मायेनंच सांगितलं.

खिडकीतून कोणी तरी ओरडलं, "मामा, कावून थांबले? भाव काय म्हन्ते?" मामा अंकाकडे पाहत राहिले. ओठ हलायला लागले की ते दातांनी दाबून धरत होते. मी ओट्यावर होतो, मला स्पष्ट दिसत होतं. अंक घेऊन बाहेर यावं म्हणून ते उठलेसुद्धा, दारापर्यंत आले, आणि तिथं त्यांना त्यांचाच नियम आठवला. परत जाऊन त्यांनी अंक जागेवर ठेवला. आम्ही दोघं घरी आलो.

मामांनी नंतर अर्ज-विनंत्या केल्या. ओट्यावर तासभर तरी वाचू द्या म्हणाले. कमिटीचं म्हणणं, आत बसणाऱ्यांना त्रास होतो. बाजारात आता एकही वर्तमानपत्र येत नव्हतं, सगळी मामांच्या सांगण्यावरूनच लायब्ररीत जात होती. शेतकरी काही दिवस ओट्यावर येऊन बसले, मग नुसतेच तंबाखू मळायला बसू लागले. त्यांच्या गप्पांचा गलका आत जायला लागला तेव्हा ओट्याकडच्या खिडक्या लावून घेतल्या गेल्या. एक म्हातारा भर बाजारात मामांना म्हणाला, "आमची मूठ कुठी गेली गा?" मामांनी खाली मान घातली. मला त्या म्हाताऱ्याचा राग यायला हवा होता. आला नाही.

मामा तरी तिथं जात राहिले. समोर अंक उघडा, तोंड मिटलेलं, नजर एकाच ओळीवर. ते वाचत नव्हते. घरची पोथीसुद्धा त्यांनी बांधून ठेवली. मामी म्हणायची, घरात काही आवाजच नाही राहिला.

आणि मी? दोन लेकरांचा बाप झाल्यावर मी त्याच लायब्ररीत वाचायला शिकलो. शाळेचे मास्तर संध्याकाळी मला शिकवत, ओठ हलले की बोटानं टेबलावर टकटक करत. शिरस्तेदारांचं म्हणणं माझ्यापुरतं खरं ठरलं. त्या शिकण्यावर मला अकोल्यात आडत्याकडे कारकुनी मिळाली. मुलाबाळांचं बरं झालं. लायब्ररीनं माझं भलं केलं, हे मी नाकारत नाही.

मामा आजारी असल्याचा निरोप आला तेव्हा रेल्वे सुरू झाली होती. येताना मी त्यांच्यासाठी एक अंक विकत घेतला. दुपार होती. ते बाजेवर पडले होते, पार वाळून गेले होते. अंक पाहून डोळे जरा उघडले. "वाच," म्हणाले.

मी उघडला आणि वाचू लागलो.

थोड्या वेळानं म्हणाले, "सुरू कर ना बाप्पा."

"वाचूनच राहिलो, मामा."

"मंग मले कावून आयकू येऊन नाई राहिलं?"

मी घसा खाकरला. मोठ्यानं वाचायचा प्रयत्न केला. डोळे पुढच्या ओळीवर पळायचे आणि आवाज पहिल्याच शब्दाशी अडकायचा. माझा आवाज मलाच परका वाटत होता. लाज वाटली, मग तीही वाटेनाशी झाली. मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत.

"राहू दे," ते म्हणाले. "तुले तिथली सवय लागली."

दिवस मावळायच्या आत मामा गेले. मी शेजारीच बसून होतो. तोवर तो अंक माझा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून झाला होता, आणि त्यांना त्यातलं एक अक्षर ऐकू गेलं नव्हतं.