आमच्या घराण्याचं कर्टलॅक्स

हसायचं असेल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. सोफ्यावर सांडलात तर बायको मला बोलेल, तुम्हाला नाही.

तर आमचं घराणं दर्यावर्दी. म्हणजे, असं मी सांगायचो. मी मरीन इंजिनियर, मूळचा गुहागरकडचा. गावच्या घरी एक आखूड, वाकडी तलवार आहे, पितळी मुठीची. लहानपणी दर खंडेनवमीला ती पाटावर दिसायची. हळदकुंकू, झेंडूचं फूल, समोर आजोबा हात जोडून उभे. शस्त्रपूजेत मांडलंय म्हणजे शस्त्रच ना? मग ती आरमारातल्या कुणा पूर्वजाची, हे माझं मीच ठरवून टाकलं. इकडे परदेशात, चोआ चू कांगला राहायला आल्यापासून तर तो पूर्वज दर गणपतीला एकेक जहाज जास्त बुडवायला लागला.

अशात इराच्या, म्हणजे आमच्या लेकीच्या शाळेत ‘घरची जुनी वस्तू’ असा कार्यक्रम निघाला.

“बाबा, आपली स्वोर्ड हां. मी ऑलरेडी सगळ्यांना सांगितलंय, लाह.”

आता माघार कशी घेणार? पोरीच्या इज्जतीचा प्रश्न. तलवार इथे आणायची सोय नाही, म्हणून चुलतभावाकडून फोटो मागवला आणि दाराएवढा मोठा करून घेतला. खाली नाव काय लिहायचं? खलाशांच्या असल्या तलवारीला ‘कटलस’ सगळेच म्हणतात. मी तीन रविवार लायब्ररीत जाड जाड डिक्शनऱ्या उपसून त्याचं जुनं रूप शोधलं: कर्टलॅक्स. ठळक अक्षरांत छापलं.

फेटा बांधून वर्गात उभा राहिलो. काय बोललो म्हणता! वादळ, तोफा, दातात कर्टलॅक्स धरून डोलकाठीवर चढणारा पूर्वज. इरा पहिल्या रांगेत ताठ बसलेली. तिच्याकडे बघून मला आणखी दोन जहाजं सुचली.

एवढ्यात तिच्या मैत्रिणीचे आजोबा, एक मलाय गृहस्थ, हळूच हात वर करून म्हणाले, “सर, माय फादर ऑल्सो हॅव. फॉर कोकोनट.”

मी मोठ्या मनाने हसलो. “नो अंकल, धिस इज फॉर वॉर.”

“कोकोनट,” ते शांतपणे म्हणाले.

मुलं खुसखुसायला लागली. इराचा चेहरा उतरला. “बाबा, आजीला विचार ना.”

विचारतो की! लावला गावी व्हिडिओ कॉल, तोही स्पीकरवर, सगळ्या वर्गासमोर. बुद्धी फिरते ती अशी.

“आई, आपली ती तलवार कुणाची गं?”

“कसली तलवार? मामंजींची कोयती ती. माडावर चढताना कमरेला लावायचे.”

“मग खंडेनवमीला पूजेत कशी असायची?”

“अरे, ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा करतात. शेजारी अडकित्ता असायचा, तो काय तोफ होती? तीस वर्षं माडावर चढले, एकदा पडले नाहीत. त्या कोयतीवर तुझ्या बापाचं शिक्षण झालं. आणि डोक्याला काय गुंडाळलंयस ते?”

वर्ग वाट बघत होता. मी हळूच फेटा उतरवला. इरा उठली आणि वर्गाकडे वळून म्हणाली, “माय ग्रेट-ग्रँडफादर क्लाइंब कोकोनट ट्री थर्टी इयर्स. नेव्हर फॉल. नॉट वन टाइम.”

पहिली टाळी त्या मलाय आजोबांनी वाजवली. मग सगळा वर्ग. इराने पेन काढलं, माझ्या तीन रविवारांवर काट मारली आणि वर लिहिलं, ‘कोयती’. खरं सांगतो, त्या काल्पनिक पूर्वजाचा जेवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता तेवढा त्या दिवशी आजोबांचा वाटला.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला पाटावर माझे नटबोल्ट आवळायचे पाने मांडले. इराने एकेकाला हळदकुंकू लावलं. फोनवर आई बघत होती.

“इरा,” ती म्हणाली, “तुझ्या बापाचं मुख्य हत्यार राहिलंच की.”

इराने दोन बोटं कुंकवात बुडवली आणि सरळ माझ्या ओठांना लावली.