टोकाकडून मुरूम

इलेक्ट्रिक स्कूटर घेतली तेव्हा मी सगळ्यांना एकच गोष्ट सांगत सुटले होते, की आता पंपावर रांगेत उभं राहायचं नाही. कळंबच्या आमच्या वस्तीवरून जळोचीच्या शाळेत जायचं आणि संध्याकाळी परतायचं, एवढं अंतर ती एका चार्जिंगमध्ये आरामात कापायची. रात्री ओसरीवर वायर लावायची, सकाळी गाडी तयार. महिनाभर मी अगदी हवेत होते.

मग एका रविवारी तात्यांनी मला रस्त्यात अडवलं.

तात्यांचं घर आमच्या पाणंदीच्या तोंडाशी, डांबरी सडकेला लागून. तिथून पाणंद आत शिरते आणि नऊ घरं ओलांडत उसातून जवळजवळ दोन किलोमीटर जाते. तिच्यावर डांबर कधी पडलं नाही. दरवर्षी पावसाळा संपला की आम्हीच मुरूम टाकायचो. त्यासाठी वस्तीची एक जुनी पद्धत होती. तात्यांच्या पडवीत डिझेलचं बॅरल असायचं, सगळ्यांचे ट्रॅक्टर त्यातूनच भरायचे, आणि कॅनमागे थोडे पैसे मुरमासाठी बाजूला पडायचे. जास्त डिझेल नेईल तो जास्त देईल. आमच्या घरातही माझ्या पेट्रोलच्या जुन्या गाडीचा अंदाज धरून सासरे वर्षाला काहीतरी देत. नव्या गाडीनंतर ते द्यायचं आम्ही विसरून गेलो. खरं सांगायचं तर मी विसरले नव्हते, विषय काढला नव्हता.

"बाई, नवी गाडी झ्याक हाय," तात्या म्हणाले. "पर ती काय पाणंदीच्या वरनं उडत जाती का?"

मी हसले, पण घरी येईपर्यंत कान गरम झाले होते.

त्याच आठवड्यात शाळेत मधल्या सुट्टीत हाच विषय निघाला. विजेच्या गाड्या वाढल्या की पेट्रोल-डिझेलवरचा कर बुडणार, मग सरकारांना गाडी किती किलोमीटर चालली त्यावर कर घ्यावा लागेल, असं एका सहकाऱ्यानं कुठंतरी वाचलं होतं. बाकीच्यांनी त्याची थट्टा केली. मी मात्र डबा खाता खाता आमच्या पाणंदीचाच विचार करत होते.

घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं. त्यांना सगळी वस्ती आबा म्हणते, मीही आबाच म्हणते. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी तुझ्या गाडीच्या मीटरवर पैसं घ्यायचं?"

"हो."

"मग तू जळोचीला जातीस त्ये पण धरायचं? तितला रस्ता काय आपुन करतोय व्हय?"

माझे यजमान खो-खो हसले. मीटरवर हिशोब केला असता तर वस्तीचा निम्मा रस्ता मी एकटीनंच बांधला असता, आणि रानातच फिरणारा ट्रॅक्टर जवळपास फुकट सुटला असता. मी पुन्हा विचार केला. मोजायचं ते पाणंदीवरचंच. प्रत्येकाच्या फाटकापासून सडकेपर्यंत किती अंतर आणि त्यावर किती खेपा.

त्यासाठी अंतरं हवी होती. पुढच्या रविवारी सकाळी मी गाडी काढली, तर आबा चपला घालून तयार. "मी येतो मागं. फाटकं मला ठावं हायेत."

लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण आबा माझ्या मागे गाडीवर कधी बसले नव्हते. पुरुषमाणूस सुनेच्या मागे बसतो, असं आमच्याकडे सहसा दिसत नाही. ते एका बाजूला पाय सोडून बसले, एका हातानं टोपी धरली, दुसऱ्यानं सीटमागची दांडी. सडकेपासून आत निघालो; प्रत्येक फाटकाशी ते "थांब" म्हणायचे, मी आकडा वाचायची, ते खिशातल्या चिठ्ठीवर लिहायचे. निम्म्या वाटेनंतर चाकं चिखलात फसायला लागली. शेवटचा तुकडा आम्ही गाडी ढकलत नेला. पाणंदीच्या अगदी टोकाला चाचांचं घर होतं. मीटरवर आकडा आला एक पूर्णांक नऊ.

चाचांचा अंड्यांचा धंदा. पिकअपमधून ते रोज पहाटे इंदापूरकडे अंडी पोचवायचे. त्यांची गाडी कितीतरी वर्षं गॅसवर होती, त्यामुळे बॅरलशी त्यांचा संबंध नव्हता. मुरमाच्या वेळी ते आपणहून काहीतरी आणून द्यायचे. किती द्यायचं हे कुणी त्यांना सांगितलं नाही आणि त्यांनीही कधी विचारलं नाही.

बैठक आमच्या अंगणात झाली. तात्यांना माझी कल्पना ऐकताच पटली. "माझं डिझेल सगळं नांगरटीत जळतंय, अन् पैसं मी रस्त्याचं भरतोय. किती वरसं सांगतोय!" फक्त उसाच्या ट्रॉलीवरून तासभर वाद झाला. शेवटी भरल्या ट्रॉलीची एक खेप म्हणजे दुचाकीच्या दहा, असं ठरलं. पिकअपच्या एका खेपेला तीन. ज्यानं त्यानं आपल्या घरातल्या कॅलेंडरवर रेघा मारायच्या.

"अन् कुणी कमी मारल्या तर?" तात्यांनी विचारलं.

"कोण कवा गेला ते सगळ्यास्नी दिसतंय," आबा म्हणाले. "आपली वस्ती हाय, शहर न्हाय."

वर्षभर नऊ घरांत रेघा पडल्या. पुढच्या पावसाळ्यानंतर सगळी कॅलेंडरं माझ्याकडे आली आणि मी गुणाकार करायला बसले. उत्तर आलं तेव्हा मी ते दोनदा तपासलं. सगळ्यात जास्त वाटा चाचांचा होता. तात्यांचा वाटा उसाच्या ट्रॉल्या धरूनही चाचांच्या निम्म्याहून कमी भरला, कारण रानातून सडकेला यायला त्यांना पाणंद लागायचीच थोडी. जो सगळ्यात लांब राहतो, ज्याच्या दारात सगळ्यात जास्त चिखल, त्याच्याच डोक्यावर मी ओझं टाकलं होतं.

संध्याकाळी मी चालतच चाचांकडे गेले. चाचींनी चहा टाकला. मी कागद पुढे केला आणि म्हणाले, "चाचा, हे बरोबर वाटत नाही मला. तुमच्यासाठी काहीतरी कमी करू."

चाचांनी चष्मा लावून कागद सावकाश वाचला.

"कमी कशाला? मी जातोय तेवढं लिवलंय की."

"पण सगळ्यात जास्त तुमचंच झालंय."

"बाई, मी आजवर मुरमाच्या वक्ताला गप बसायचो. का सांगू? बॅरलमधनं आमी कवा घेतलं न्हाय, तर बोलायचं कुठल्या तोंडानं? आता ह्यो कागद हाय. आता बोलतो."

मला तेव्हा त्यांच्या बोलण्याचा अर्थ नीट कळला नाही. तो मुरमाच्या बैठकीत कळला.

चाचांनी सगळ्यांच्या आधी आपला वाटा आबांच्या हातात दिला आणि उभे राहूनच विचारलं, "मुरूम कुठनं टाकायचा?"

मुरूम नेहमी तात्यांच्या दारापासून टाकायला सुरुवात व्हायची आणि संपेल तिथं काम थांबायचं. तो सहाव्या घराच्या पुढे कधी गेलाच नव्हता. शाळेची गाडीही तिथूनच माघारी फिरायची. चाचांची सून दोन लेकरांना घेऊन रोज तिथपर्यंत चालत यायची, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. माहीत असूनही कुणाच्या मनात काही आलं नव्हतं, माझ्यासुद्धा.

"पयल्यापास्नं तोंडाकडनंच टाकतोय," तात्या म्हणाले.

"पयल्यापास्नं डिझेलवर घेत हुतो तात्या. आता अंतरावर घेतोय. माझं अंतर कुठं हाय ते बगा की."

चाचांचा आवाज चढला नव्हता. तात्यांनी आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, "मागं मी सुनंच्या गाडीवर गेलतो. निम्म्यापास्नं चाकं फसली, शेवटाला ढकलत नेली. औंदा टोकाकडनं टाकूया."

तात्या उठून गेले. मला वाटलं, आता हे मोडणार. पण चौथ्या दिवशी मुरमाचे डंपर आले आणि चाचांच्या दारात पहिला ढीग पडला, तेव्हा तात्याच ट्रॅक्टरला फळी लावून तिथं हजर झाले. दुसऱ्या कुणाला पसरवता येत नाही, ढिगारे तसेच ठेवतील, असं म्हणत त्यांनी दोन दिवस ट्रॅक्टर चालवला. चाचींनी दुपारी त्यांना ज्वारीची भाकरी आणि अंड्याची पोळी दिली. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच विचारत होते, "आज काय केलंय?"

त्या वर्षी सगळ्याच गाड्यांचे पैसे जमल्यानं मुरूम जास्त आला होता. तो टोकापासून निघाला आणि तात्यांच्या फाटकाच्या थोडा अलीकडे संपला. उरलेले खड्डे त्यांनी आपल्या विहिरीच्या दगडगोट्यांनी बुजवले आणि त्याबद्दल आठ दिवस सगळ्यांना ऐकवलं. सोमवारी शाळेची पिवळी गाडी पहिल्यांदा टोकापर्यंत गेली. मी त्याच वेळी शाळेला निघाले होते. गाडीला वाट द्यायला मी उसाच्या कडेला थांबले, तर खिडकीतून चाचांची दोन्ही नातवंडं मला हात करत होती.

आता चाचांच्या सुनेला माझी स्कूटर चालवायला शिकायचं आहे. रविवारी सकाळी मी टोकाला जाते, ती ओढणी कमरेला खोचून बसते आणि सहाव्या घरापर्यंत जाऊन परत येते. परवा तिनं पहिल्यांदा मला मागे बसवून आणलं. वळणावर जरा डगमगली, पण पाय टेकले नाहीत. उतरल्यावर ती घामाघूम झाली होती आणि हसू मात्र थांबत नव्हतं.

"बाई, ही खेप मांडायची का?" तिनं विचारलं.

"मांडायची की. आणि ही तुझ्या नावावर."

ती आत पळाली. कॅलेंडरवर रेघ मारून झाल्यावर तिनं दारातूनच ओरडून विचारलं, "अजून एक चक्कर?"