घुंगराची काठी शिवेपलीकडं

भूत म्हटलं की मला हसू येतं, आणि कुणी अंगारा पुढे केला की डोकं फिरतं. छप्पन साली आमच्या घरातून देव गेले, त्यांच्या मागोमाग भुतंही गेली. मी विज्ञान शिकवणारा मास्तर. तेव्हा हे वाचून ‘मास्तर शेवटी वळणावर आले’ असं कुणी म्हणायचं काम नाही… घडलं ते सांगतो, बस.

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही अकोल्यात मोडायचो. किन्हीराजापासून दोन कोसांवर आमचं गाव. दर रविवारी मी पायवाटा तुडवायचो आणि वहीत लिहून ठेवायचो — कुठून निघायचं, पाणी कुठे मिळतं, कोणत्या पळसापाशी डावीकडे वळायचं. पुण्याकडच्या गडांची गाइडबुकं निघतात, मग आमच्या टेकड्यांनी काय घोडं मारलंय? बारा वाटांचं पुस्तक करायचं ठरवलं. अकोल्याच्या एका प्रकाशकानं ते छापायचं कबूलही केलं. अकरा वाटा लिहून झाल्या होत्या.

मायला हे खूळ पसंत नव्हतं. “रानोमाळ काहून फिरून राह्यला रे? तुहा बा बी असाच फिरला. काय भेटलं त्याले?”

बा गावचा वेसकर होता. साहेब दौऱ्यावर आला की त्याचं ओझं डोक्यावर घ्यायचं, घुंगराची काठी वाजवत पुढे चालायचं, वाट दाखवायची. गावची शीव आली की थांबायचं. पुढे त्या गावचा वेसकर. आमच्या माणसांवर पिढ्यान्‌पिढ्या लादलेली ही चाकरी. मी आठ वर्षांचा असताना बा तापानं गेला. पुढे छप्पनला बुद्धाची दीक्षा घेतली त्या वर्षी मायनं ती काठी घुंगरांसकट चुलीत घातली. मी शेजारीच बसलो होतो — हे लक्षात ठेवा.

तर प्रकाशकाचं पत्र आलं. ‘कव्हरवर दौलत उकंडा इंगळे हे नाव बरं दिसणार नाही. वाचक शहरातले आहेत. मधलं नाव गाळू.’

उकंडा म्हणजे उकिरडा. बाच्या आधीची तीन भावंडं दगावली होती, म्हणून मरणानं याच्याकडे ढुंकूनही बघू नये असं नाव आजीनं ठेवलं. आमच्याकडे अशी नावं घरोघरी. मी चार दिवस धुमसलो… आणि पाचव्या दिवशी होकाराचं पत्र लिहिलं. खोटं कशाला सांगू? छापलेलं पुस्तक हातात हवं होतं मला. बाराव्या वाटेच्या शेवटी जे गाव होतं तिथे टपालपेटी होती. पत्र खिशात घालून निघालो.

माघ महिना. दुपारचे साडेबारा. टेकडीवर वाट फुटली, पुन्हा फुटली, आणि मी चुकलो. गाइडबुकाचा लेखक घरापासून तीन मैलांवर हरवला! स्वतःलाच दोन शिव्या घातल्या आणि बसलो.

तेवढ्यात घुंगरं वाजली.

पन्नास पावलांवर एक माणूस चालला होता. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. “ओ दादा, थांबा!” वळला नाही. मी भरभर चाललो तरी अंतर तेवढंच. मी दमून थांबलो की तोही थांबायचा. असं अर्धा तास चाललं असेल. मग शिवेचा शेंदूर फासलेला दगड आला आणि तो त्याच्यापाशी उभा राहिला, माझ्याकडे पाठ करून, मान खाली घालून… कुणीतरी ‘जा’ म्हणायची वाट बघत असल्यासारखा.

ती पाठ मी ओळखली. पोरवयात तिच्यावर बसून हिंडलो होतो.

भीती वाटली का? नाही. मला राग आला. मरून वीस-पंचवीस वर्षं झाली, कायद्यानं ती चाकरी बंद झाली, काठीची राख झाली, आणि हा माणूस अजून शिवेवर मान खाली घालून उभा! मी ओरडलोच, “बा, सुटली ती चाकरी! आता मी पुढं चालतो. तू माह्या मांगं ये.”

त्याच्याकडे न बघता दगड ओलांडला. दहा पावलं शांतता… मग घुंगरं वाजली. माझ्या मागे. शिवेच्या अलीकडे नाही, पलीकडे. मळ्यापर्यंत ती वाजत आली. मी मुद्दाम वळलो नाही.

मळा एका माळ्याचा होता. वांगी तोडत होता. त्यानं विहिरीच्या काठावर दोन लोटे भरून ठेवले.

“घ्या मास्तर. अन् हा तुमच्या संगच्या बुवाले.”

“कोन बुवा?”

“अजी, तुमच्या मांगून आला ना, काठीवाला. घुंगरं वाजून राह्यली होती. कुठी गेला?”

तेव्हा वळलो. वाट रिकामी होती. मी एका लोट्यातलं पाणी प्यालो, दुसरा तसाच राहू दिला. मग खिशातलं पत्र काढून फाडलं आणि वहीच्या पानावर नवं लिहिलं : ‘नाव पूर्ण छापा, नाहीतर हस्तलिखित परत पाठवा.’ तेच पाकिटात घालून पुढच्या गावच्या पेटीत टाकलं.

प्रकाशक महिनाभर कुरकुरला. शेवटी छापलं.

पहिली प्रत मायच्या हातात दिली. तिला वाचता येत नव्हतं. “त्याचं नाव कुठी हाये?” मी तिचं बोट धरून मधल्या नावावर ठेवलं. ते तिनं बराच वेळ उचललं नाही.

“हे पुस्तक कुठंलोक जाईन रे?”

“अकोला, नागपूर… पुण्यालेही जाईन.”

“म्हंजे लय शिवा ओलांडन तो,” ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. रडलो मीही, लपवून काय करू?

स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. उन्हाचा भास म्हणा. मलाही तेच म्हणायला आवडेल. पण मग माळ्यानं दुसरा लोटा कुणासाठी भरला, ते आधी सांगा. आणि हो — अजूनही कुणी पाकिटावर नुसतं ‘डी. यू. इंगळे’ लिहिलं, तर मी ते पत्र न फोडता परत पाठवतो.