कादंबरीकार आणि अम्मीच्या कॅसेटी

कतारात दुखानच्या ऑफिसात मी क्लार्क होतो आणि समोरच्या टेबलावरचा इंजिनिअर स्पेनचा. एका सकाळी कॉम्प्युटरवर बातमी वाचून त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं. विचारलं, घरचं कोणी गेलं का? म्हणाला, "घरचंच समज." त्याच्या मुलखातला म्हातारा कादंबरीकार वारला होता.

लेखक गेला म्हणून कोणी काम बाजूला ठेवतो? मला तर हसूच येत होतं. पण तो दिवसभर तुकड्यातुकड्याने सांगत राहिला. त्या लेखकाने आपलं लहानसं गाव जन्मभर सोडलं नाही. मेंढपाळांबरोबर माळावर हिंडायचा, पाखरांची, गवतांची, मळणीच्या अवजारांची नावं विचारायचा आणि त्यांच्याच बोलीत लिहायचा. राजधानीतल्या शहाण्यांनी त्याला खेडवळ म्हणून हिणवलं. पुढे माणसं पोटासाठी शहरात गेली, गावं ओस पडली, आणि नातवंडं आजी-आजोबांचे शब्द शोधत त्याच्याच पुस्तकांकडे आली. "माझी आजी आता फक्त तिथे बोलते," तो म्हणाला.

मला अम्मी आठवली. रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीकाठी ती वारली त्याला वर्ष झालं होतं. माशांची, भाताची, भरती-ओहोटीची तिची नावं मला निम्मीही आठवेनात, आणि माझी मुलं तर इंग्रजीतच उत्तरं देतात. म्हटलं, हरकत नाही, तिच्या कॅसेटी आहेत. घरी फोन नव्हता तेव्हा ती कॅसेटवर बोलून इकडे येणाऱ्या माणसाबरोबर पाठवायची. सुट्टीवर घरी गेलो तो तिचे शब्द उतरवायला वही घेऊनच. त्या स्पेनच्या लेखकाला जमलं ते मला का नाही, असा ताठा होता.

बहिणीने बिस्किटांचा डबा काढून दिला. पहिली कॅसेट लावली, माझा आवाज. दुसरी, तिसरी, माझाच. मग डोक्यात प्रकाश पडला. आम्ही कतारवाले सगळेच तसं करायचो. आलेली कॅसेट ऐकायची, तिच्यावरच जबाब भरायचा आणि परत धाडायची. अकराच्या अकरा कॅसेटींत अम्मीला पुसून मी सांगत होतो की मजेत आहे, काळजी करू नको. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

"तुजी कॅसेट अम्मी कोणाला पुसू द्यायची नाय," बहीण म्हणाली. "दर खेपेस नवी आणवायची."

शेवटच्या कॅसेटीत माझं बोलणं जरा आधी संपलं. थोडी खरखर झाली आणि अम्मी बोलली, "चल, माजा बोलून झाला. आता तू बोल."