यमदरबारात माझी पाळी

आमच्या गावच्या जत्रेत यमदरबाराचं सोंग निघायचं. मानकोलीच्या पुढे, खाडीच्या अंगाला आमचं गाव. रात्री तीन अंकी नाटक असे, पण बायकापोरांची खरी गर्दी संध्याकाळी, उन्हं कलताना, या सोंगाला. सोंग साधं होतं. मेलेला माणूस यमापुढे उभा राहतो, चित्रगुप्त त्याची पापं वाचतो आणि शिक्षा प्रेक्षक ठरवतात. पापं मात्र गावातलीच, त्या वर्षी घडलेली. नाव घ्यायचं नाही आणि ज्याचं पाप त्यानं रागवायचं नाही, असा रिवाज. कुणी शेजाऱ्याचा बांध सरकवलेला, कुणी दुखण्याचं सोंग करून सासूच्या तेराव्याला दांडी मारलेली. आपलं पाप ऐकून माणूस सगळ्यांत मोठ्यानं हसे, आणि त्या हसण्यावरूनच गावाला कळे की हा तोच.

पापांची यादी वीस-एक वर्षं मीच लिहीत होतो. चित्रगुप्तही मीच. भिवंडीत लूमवर मी जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. त्या खडखडाटात बोलायची सोय नाही, त्यामुळे माझ्या अबोलपणाचं कुणाला नवल वाटत नसे. कारखान्यातून पाच वार कोरं कापड आणायचं, त्यावर शाईनं पापं लिहायची आणि दरबारात उलगडत वाचायची. लोक म्हणत, "याच्या पोटात अख्खा गाव हाय."

गाव होतं, तसं एक पत्रही होतं. माझी धाकटी बहीण मॅट्रिक झाली तेव्हा तिनं नर्सच्या ट्रेनिंगसाठी अर्ज केला होता. निवडीचं पत्र आलं त्या दुपारी मी एकटाच दारात. आई अंथरुणाला खिळलेली, वडील कशेळीच्या खाडीत रेतीच्या होडीवर. ही गेली तर चूल आणि आईचं सगळं माझ्यावर येणार. मी पत्र वाचलं आणि चुलीत घातलं. बहिणीनं महिनाभर पोस्टमनची वाट पाहिली, मग सोडून दिली. पुढं लग्न होऊन ती अंबाडीकडच्या घरात गेली. दर जत्रेला यायची, माझ्यासाठी पापड आणायची आणि पहिल्या रांगेत बसून माझं वाचन ऐकायची. साऱ्या गावाची पापं कापडावर मावत. माझ्या एका ओळीला तेवढं कापड कमी पडे.

वडील आम्हाला लहानपणी यमाच्या दारात तीन दिवस उपाशी बसलेल्या पोराची गोष्ट सांगायचे. यम घरी नव्हता, म्हणून पोरगं थांबलं. मी विचारलं होतं, "मग तो घरी का नाही गेला?" वडील म्हणाले, "कामाबिगर खालून वर येता येत न्हाय." त्या पोराचा मला हेवा वाटायचा. त्याचा यम निदान बाहेरगावी होता. माझा घरातच होता, मीच कडी वाजवत नव्हतो.

दोन हजार पाच-सहाचं साल असावं. शेतांवर गोडाऊनं उभी राहिली होती. म्हशी गेल्या होत्या, म्हणून यमाची स्वारी शिंगं बांधलेल्या मोटारसायकलवरून येई आणि दरबार कंटेनरच्या ट्रेलरवर भरे. मेलेल्याचं काम करणारा चुलतभाऊ त्या दिवशी ड्युटीवर अडकला. यम झालेले काका म्हणाले, "आज तूच मर. कापड मी वाचतो."

तोंडाला पांढरा रंग फासून मी उभा राहिलो. काकांनी कापड वाचून संपवलं, गाव हसून दमलं. शेवटचा सवाल ठरलेला असे, "अजून काय राहिला हाय का?" त्यावर मेलेल्यानं "न्हाय महाराज" म्हणायचं.

मी म्हणालो, "हाय."

काका मिशीआडून पुटपुटले, "लिवलेला न्हाय रं."

"म्हणूनच सांगतो. बहिणीचं नर्सचं पत्र आलं होतं, महाराज. मी चुलीत घातलं. तिला सांगितलं नाही."

लोक हसले. "तेलात तला त्याला." "सासुरवाडीला धाडा, चार दिस." पहिल्या रांगेत एकटी बहीण हसत नव्हती. ती उभी राहिली आणि गलका जरा थांबला.

"महाराज, याला हितं ठेवू नका," ती म्हणाली. "वर पाठवा. मना काम हाय."

गाव पोट धरून हसलं. काकांनी मला मागे बसवलं आणि यमाच्या त्या मोटारसायकलनं मला माझ्याच दारात आणून सोडलं.

बहीण आडवाटेनं आधीच पोचली होती. मोरीपाशी खोबरेल तेलाची बाटली धरून उभी. "सोंगात बोललास. आता तोंड धू आन् मग बोल."

कानामागचा रंग निघेना. तसाच बोललो. पहिल्यापासून सगळं. तिनं एकच विचारलं, "काय लिवला होता त्यात?"

मला ओळ न् ओळ पाठ होती. सोमवारी दहा वाजता हजर व्हावं, शाळेचा दाखला, दोन फोटो. पहिल्या यादीत नाव.

"म्हंजे मी पास झाल्ते?"

"झालीस."

ती मोरीच्या कट्ट्यावर बसली. "मना वाटला, मी नापास. म्हणून त्यांनी कलवलाच न्हाय."

इतकी वर्षं मी समजत होतो की मी तिची नोकरी जाळली. नोकरीच्या हिशेबानं मी झुरत होतो, आणि ती बिचारी स्वतःला मठ्ठ समजून संसार करत होती. हे मला ठाऊकच नव्हतं. तिनं डोळे पुसले, पदर खोचला आणि तरातरा ओटीवर गेली. तिथं जत्रेला आलेले तिचा नवरा, सासरे आणि दोन्ही मुली जेवायला बसले होते.

"मी पास झाल्ते," ती म्हणाली.

"कशात?" मेहुण्यानं भाकरी मोडता मोडता विचारलं.

"दादा सांगल. दादा, भायेर ये."

तेलकट तोंडानं मी बाहेर गेलो. मेहुणा माझ्याकडे बघून म्हणाला, "अजून मेलेलेच हाव काय?" मुली फिदीफिदी हसल्या. मी पानांसमोर उभा राहून सांगू लागलो. पत्र चुलीत घातलं, इथवर येऊन अडखळलो. तिनं जाळल्याचं पुढं बोलू दिलं नाही, पण थांबूही दिलं नाही.

"यादीचा ऱ्हायला," ती म्हणाली. "कितव्या यादीत, ते सांग. मोठ्यानं. मामंजींना कमी ऐकू येतं."